ओल्ड स्कूल रुनस्केपमधलं सेलिंग: कोकणातल्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओल्ड स्कूल रुनस्केप हा इंटरनेटवर जगभरच्या लोकांबरोबर खेळायचा खेळ. त्यातल्या आमच्या क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला इकडची मंडळी जास्त. काही मुंबईत नोकरीला, काही गावातच. १९ नोव्हेंबर २०२५ ला सेलिंग आलं आणि खेळ सोडून गेलेले एकेक जण परतायला लागले. परतणारा प्रत्येक जण तेच विचारतो, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. आमची मतं त्यात आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

सेलिंग म्हणजे वेगळा भाग विकत घ्यायचा का? की मिनीगेम आहे?

दोन्ही नाही. ते स्किल आहे, म्हणजे करून करून लेव्हल वाढवायचं कौशल्य, मासेमारी किंवा लाकूडतोडीसारखंच. मेंबरशिप (खेळाची वर्गणी) असेल तर वेगळे पैसे नाहीत. याआधी खेळात २३ स्किल्स होती, हे चोविसावं. पण परिणाम मात्र एखाद्या मोठ्या विस्ताराएवढा झालाय. पूर्वी नकाशावरचं निळं पाणी नुसतं शोभेला होतं. बंदरावरच्या माणसाशी बोललं, पैसे दिले, स्क्रीन काळी झाली की आपण पलीकडच्या बेटावर. आता त्याच पाण्यातून स्वतःची होडी हाकत जाता येतं आणि वाटेत आधी नसलेली बेटंही लागतात.

एवढं साधं स्किल आणायला यांना इतकी वर्षं का लागली?

कारण या खेळात कंपनीच्या मनात आलं म्हणून मोठं काही येत नाही. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने २२ फेब्रुवारी २०१३ ला हा खेळ सुरू केला, तोच मुळी ऑगस्ट २००७ मधली जुनी प्रत काढून. मूळ खेळ बदलत गेला होता आणि लोकांना जुना हवा होता. अशा माणसांना नवं काही द्यायचं म्हणजे आधी विचारूनच द्यावं लागतं. त्यामुळे मोठा बदल मतदानाला टाकायचा आणि ठरलेला टक्का मिळाला तरच करायचा, ही पद्धत पडली. आधी ७५ टक्के लागायचे, पुढे ती अट ७० वर आणली.

यात तीनदा स्किल पडलं. आर्टिझन पडलं, २०१५ मध्ये खुद्द सेलिंगही पडलं, मग २०१९ मध्ये वॉर्डिंग पडलं. वॉर्डिंगला निम्म्याहून बरीच जास्त मतं होती, तरी पडलं. आपल्याकडे एवढ्या मतांवर माणूस गुलाल उधळत घरी येतो. २०२३ मध्ये टेमिंग, शमनिझम आणि सेलिंग असे तीन पर्याय समोर ठेवले आणि त्यातून सेलिंग निवडून आलं. गंमत म्हणजे सेलिंग ही कधीकाळी एप्रिल फूलची थट्टा होती. त्यानंतरही लगेच काही हातात पडलं नाही. आराखडा, त्यावर भांडणं, परत मतदान, खेळाडूंकडून चाचणी, आणि मग कुठे २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. आम्हाला हा उशीर मान्य आहे. घाईत सोडलेली गोष्ट मोडून परत बांधणं या खेळात फार अवघड जातं, कारण तोवर कोणीतरी त्यावर शेकडो तास घालवलेले असतात.

फुकट खेळणाऱ्यांना होडी मिळते का?

नाही. सेलिंग फक्त मेंबरांसाठी आहे.

पण मेंबरशिपला खिशातूनच पैसे घालायला हवेत असं नाही. खेळात बॉन्ड नावाची वस्तू असते. कोणीतरी ती खऱ्या पैशाने घेतो आणि ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे खेळातल्या बाजारात, खेळातल्या सोन्याला विकतो. आपण सोनं देऊन ती घ्यायची आणि वापरली की १४ दिवसांची मेंबरशिप मिळते. एक्स्चेंजवरून घेतलेला बॉन्ड वेगळं शुल्क भरल्याशिवाय परत विकता येत नाही, त्यामुळे त्यात सट्टा करायला जाऊ नका. फुकट जगात राहून बॉन्डएवढं सोनं जमवणं कंटाळवाणं आहे. आमचा सल्ला असा की पहिला महिना पैसे भरून घ्या, त्यात मेंबरांचे कमाईचे धंदे शिका आणि मग बॉन्डवर जगा.

सुरुवात कुठून करायची?

पोर्ट सरिम या खेळातल्या बंदराच्या धक्क्यावरून. तिथून पॅन्डेमोनियम नावाची क्वेस्ट (गोष्टीतली कामगिरी) सुरू होते. लहान आहे, नवशिक्यालाही झेपते. ती झाली की स्किल उघडतं आणि एक तराफा आपल्या नावावर होतो. आधी तराफा, मग लेव्हल १५ ला स्किफ (छोटी होडी) आणि ५० ला स्लूप (मोठी होडी). स्लूपवर जागा भरपूर, आणि त्या जागेवर काय बसवायचं हे आपण ठरवायचं. तोफ, माल ठेवायची जागा, बुडालेल्या जहाजांतून वस्तू ओढायचा आकडा असं बरंच काही.

तराफ्यावर फार वेळ काढू नका. त्याच्यावर फिरणं म्हणजे पावसाळ्यात खाडी ओलांडायला सायकल घेऊन जाण्यासारखं आहे.

होडी चालवायची कशी? मला सुकाणूच सापडत नाही.

सुकाणू होडीवर दिसतं, त्यावर टॅप करून ते हातात घ्यायचं. शीड सोडायचं. मग ज्या दिशेला जायचंय तिकडे पाण्यावर टॅप केलं की होडी तिकडे तोंड वळवते आणि जात राहते. दर पावलाला टॅप करायची गरज नाही, आणि इथेच नव्या माणसाचा घोळ होतो. पायी चालताना आपण ‘तिथे जा’ सांगतो, तिथे पोचलं की पात्र थांबतं. होडीला आपण फक्त दिशा देतो, ती थांबत नाही. पहिल्या दिवशी सगळे जण खडकावर जाऊन आदळतात.

दुसरी गोष्ट शिडाची. जाता जाता मधेच वाऱ्याचा झोत येतो. त्या वेळी शिडावर टॅप करून ते ताणून घेतलं की होडी थोडा वेळ जोरात पळते आणि एक्सपीही (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळतो. फोनवर खेळताना डावा अंगठा दिशेला आणि उजवा शिडावर, अशी सवय लावून घ्या. कॅमेरा जरा वरून ठेवा, नाहीतर स्लूपचं शीडच अर्धी स्क्रीन झाकतं आणि पुढचा खडक दिसत नाही.

होडीला मार बसतो, खडकांचा आणि समुद्री प्राण्यांचाही. दुरुस्तीचं सामान बरोबर ठेवा. आपल्या पिशवीत २८ च जागा असतात, त्यातल्या काही या सामानाला गेल्या तरी चालतील.

गेमातल्या होडयेक डिझेल किती लागता?

नाय लागणां रे. बर्फ पण भरूचो लागणां नाय.

आम्ही दर्यावर जाणारी माणसं. आम्हाला याचा काही फायदा होईल का?

हा प्रश्न हर्णै आणि मालवणच्या पोरांकडून हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर.

ज्ञानाचा फायदा फारसा नाही. खेळातल्या समुद्राला भरती-ओहोटी नाही. उधाण नाही, भांग नाही. मुखाशी गाळ साचलाय म्हणून भरतीची वाट बघत बाहेर थांबायचं, हा प्रकारच नाही. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, हे आपल्याकडे शिडाच्या होडीच्या काळात पोटापाण्याचं वेळापत्रक होतं. इथे वाऱ्याच्या दिशेचा हिशोब करावा लागत नाही. झोत आला की शीड ताणायचं, एवढंच. जून-जुलैमध्ये बंदी नाही, नारळी पौर्णिमेची वाट बघायची नाही. खऱ्या तांडेलाला हे दोन मिनिटांत पोरखेळ वाटेल आणि त्याचं बरोबर आहे.

पण काही बाबतीत खेळ बनवणाऱ्यांनी डोकं लावलंय. लाकडाचंच बघा. साध्या फळ्यांपासून सुरुवात, मग ओक, साग, महोगनी आणि त्यापुढे कापूर, आयर्नवुड, रोजवुड, असा सांगाडा चढत्या क्रमाने भक्कम होत जातो. सागाच्या पायरीला आल्यावर आमच्या देवगडच्या एका सदस्याने लिहिलं होतं, ‘आता खरी होडी झाली.’ पश्चिम किनाऱ्यावर गलबतं सागाची बांधत, ते लाकूड खाऱ्या पाण्यात टिकतं म्हणून. खेळात साग मधल्याच पायरीवर ठेवलाय याचा आम्हाला अजून राग आहे.

मराठा आरमाराची आवड असलेल्यांनी आणखी एक बघावं. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात मोठ्या तोफांची जड गुराबं असायची आणि त्यांच्याबरोबर वल्ह्यांवर चालणारी हलकी, चपळ गलबतं. वारा पडला की परक्यांची मोठी जहाजं जागच्या जागी अडकायची आणि गलबतं वल्हवत गुराबांना ओढून त्यांच्या मागच्या बाजूला आणायची, जिथे त्यांच्या तोफा कमी. खेळात वारा पडत नाही, म्हणून ही चाल खेळताच येत नाही. तोफा आहेत, समुद्री प्राण्यांवर त्या चालवायच्या. पण दोन होड्यांनी मिळून एकाला घेरण्यातली मजा अजून इथे आलेली नाही. आली तर आम्ही मत देऊ.

समुद्रात नक्की करायचं काय? एक्सपी कशातून मिळतो?

बऱ्याच गोष्टी आहेत. प्रत्येकाची नाडी वेगळी.

आमची सगळ्यात आवडती म्हणजे समुद्राची नोंद, सी चार्टिंग. जगभरच्या पाण्यात ठिकठिकाणी नोंद करण्याजोग्या गोष्टी पेरल्यात. कुठे दुर्बिणीतून काहीतरी बघायचं, कुठे वाहत आलेल्या पेटीतली दारू चाखून बघायची. सर्वात झकास प्रकार बदकाचा. ठरावीक जागी खेळण्यातलं बदक पाण्यात सोडायचं आणि प्रवाह त्याला कुठे नेतो त्याच्या मागे होडी घालायची. बदक आपल्याच तंद्रीत जातं, मधेच वळतं, खडकांच्या फटीतून जातं, आणि आपण एवढं मोठं धूड घेऊन त्याच्या मागे. शेवटी ते थांबलं की प्रवाहाची नोंद झाली. यात लढाई नाही, घाई नाही, आणि नकाशा आपोआप पाठ होतो. प्रत्येक नोंद एकदाच करता येते, म्हणून हे पुरवून पुरवून खा.

कामावर असताना एका बाजूला खेळ चालू ठेवणाऱ्यांसाठी बुडालेली जहाजं आहेत. जहाजाच्या सांगाड्यापाशी होडी उभी करायची, आकडा टाकायचा आणि वर येईल ते ढिगात टाकत राहायचं. मग तो ढीग निवडायला बसायचं. फळ्या, खिळे, फुटकी भांडी, मधेच एखादी बरी वस्तू. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाल्यावर जाळं पसरतात, तेव्हा बायामाणसं खाली बसून मासळी वेगळी करतात, खेकडे आणि कचरा बाजूला फेकतात. तो हात ज्यांनी बघितलाय त्यांना ही निवडानिवड ओळखीची वाटेल. नोकर खलाशी ठेवता येतात, तेही आकडा टाकतात. एक्सपी मध्यम, लक्ष कमी लागतं.

ज्यांना भराभर लेव्हल हवी त्यांच्यासाठी बॅराकुडा ट्रायल्स. वेळ लावून शर्यतीसारख्या फेऱ्या मारायच्या. डोळा हलवता येत नाही, बोटं दुखतात, पण एक्सपी चांगला.

बंदरावरच्या फलकावरची कामं सुरुवातीला करा. या बंदरातून त्या बंदरात माल पोचवा, किंवा अमुक प्राणी मारून आणा. एकाच वाटेवरची दोन-तीन कामं एकदम उचलली तरच परवडतं. खोल पाण्यातली जाळ्याची मासेमारीही आहे, त्याला मासेमारीची लेव्हल चांगली लागते.

मित्रांना होडीवर घेता येतं का?

येतं. एक जण सुकाणूवर, एक तोफेवर, एक आकड्यावर असं वाटून घेतलं की स्लूपचा खरा उपयोग होतो. फक्त सुकाणू कोणाकडे हे आधी ठरवा. आमच्याकडे यावरून दोन चुलतभावांचं बोलणं बंद झालं होतं, गणपतीत आरतीला उभे राहिले तेव्हा परत बोलले.

फोनवर चालेल का? आमच्याकडे नेटवर्कची बोंब आहे.

चालतं. मोबाइलवर हा खेळ ३० ऑक्टोबर २०१८ पासून आहे, खातं तेच, कॉम्प्युटरवर जिथे सोडलं तिथूनच पुढे. ग्राफिक्स जुन्या वळणाचे असल्यामुळे साधा फोनही पुरतो आणि डेटा फार खात नाही. सर्व्हर मात्र लांब असू शकतात. जगांच्या (म्हणजे सर्व्हरच्या) यादीत देशाचं नाव दिसतं, त्यातलं जर्मनी किंवा इंग्लंड घेऊन बघा आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी असेल तिथे खेळा. खेळ ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतो, म्हणजे दर ०.६ सेकंदाला एकदाच सगळं पुढे सरकतं. त्यामुळे दोनशे मिलिसेकंदांच्या पिंगने इतर खेळांत जेवढं नुकसान होतं तेवढं इथे जाणवत नाही.

खरी अडचण कनेक्शन तुटण्याची. नेट गेलं म्हणून पात्र लगेच खेळातून बाहेर पडत नाही. लढाईत असाल तर ते काही वेळ तिथेच उभं राहून मार खातं. म्हणून कोकण रेल्वेने गावी येताना लढाई घेऊ नका. उक्षीजवळचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे आणि तो काही एकटा नाही. प्रवासात बँक आवरणं, एक्स्चेंजवर वस्तू लावणं असली कामं काढा. मेलातच तर सामान कबरीपाशी १५ मिनिटं राहतं आणि ते घड्याळ आपण खेळात असतानाच चालतं. त्यामुळे रात्री लाइट गेली तरी सकाळी जाऊन सामान उचलता येतं. पावसाळ्यात ही माहिती फार उपयोगी पडते.

९९ लेव्हलला किती एक्सपी लागतो?

१,३०,३४,४३१. निम्मं अंतर ९२ ला पूर्ण होतं, ९२ म्हणजे जवळजवळ पोचलो असं समजू नका. सगळी स्किल्स ९९ असलेल्याची बेरीज पूर्वी २२७७ होती, ती आता २३७६ झाली. सेलिंगमुळे लढाईची लेव्हल वाढत नाही. ९९ च्या मागे लागलेल्या दोघातिघांनी बदकाच्या नोंदीसुद्धा गाइड बघून उरकल्या, आणि आता समुद्राचा कंटाळा आला म्हणतात. येणारच.

कोणीतरी स्वस्तात सोनं देतोय. घेऊ का?

नको. खऱ्या पैशाने खेळातलं सोनं घेणं-विकणं नियमाबाहेर आहे, खातं बंद होतं. अधिकृत रस्ता फक्त बॉन्डचा. ‘सोनं दे, दुप्पट करून देतो’ हा भामटा बाजारात रोज उभा असतो. आमच्यातल्या एकाने लॉगिनच्या खोट्या पानावर पासवर्ड टाकला आणि सकाळी बँकेत एक दोरी आणि अर्धी भाजलेली कोळंबी उरली होती. ऑथेंटिकेटर (पासवर्डबरोबर फोनवरचा कोडही मागणारी सोय) लावा, आज लावा. पासवर्ड भावालाही देऊ नका, विशेषतः भावाला.

नव्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा खेळ बंद होईल का?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा जो कायदा झाला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी घालतो. खेळायला मिळावं म्हणून भरलेली वर्गणी, जी पणाला लावलेली रक्कम नसते, ती त्या कायद्यात वेगळी धरली आहे. मेंबरशिप ही वर्गणी आहे. घरात कोणी पेपरातली बातमी दाखवून ओरडलं तर हा फरक शांतपणे समजावून सांगा. मात्र खेळातल्या सोन्यावर पैजा लावणाऱ्या टोळक्यांत कोणी ओढलं तर सरळ निघून या. कायदा राहू दे बाजूला, ते लुबाडतातच.

मुलगा दिवसभर यावरच असतो. पालक म्हणून काय बघावं?

तीन गोष्टी. चॅटमध्ये कोणाशी बोलतो, पैसे कोणाच्या कार्डावरून जातात, आणि झोपतो कधी. खेळात रक्तपात फार नाही, पण जगभरची अनोळखी माणसं आहेत. चॅट बंद ठेवता येतं, लहान मुलांसाठी ठेवाच. जून-जुलैमध्ये होड्या वर ओढलेल्या असतात, शाळा नुकती सुरू झालेली असते आणि बाहेर पाऊस कोसळत असतो. त्या दिवसांत वेळ हमखास वाढतो. फोन हिसकावून घेऊ नका, ‘बंदरात लागू दे, मग बंद कर’ असं सांगा. भर समुद्रात बंद कर म्हटलं की भांडण होतं.

पुढे आणखी काय येणार?

अफवांवर जाऊ नका. जे मोठं येईल ते मतदानाला येईल, आणि मत द्यायला मेंबर असावं लागतं, थोडा खेळही झालेला असावा लागतो. आपल्याकडचे खेळाडू मत देत नाहीत आणि मग महिनाभर कुरकुरतात. मतदानाचा बूथ खेळातच आहे, पाच मिनिटांचं काम.

तुमच्या क्लॅनमध्ये यायचं तर?

पॅन्डेमोनियम पूर्ण करून या. तराफा असला तरी चालेल, साग आम्ही देऊ, फळ्या कापायचे पैसे तुमचे. रात्री जेवणं झाली की बहुतेक जण पोर्ट सरिमला असतात. आल्या आल्या सोनं मागू नका, आणि माइक चालू ठेवून टीव्हीवरची मालिका आम्हाला ऐकवू नका.